वारा, सातबारा आणि समुद्र : महाराष्ट्रातील पवन व किनारी ऊर्जाप्रकल्पांना झालेल्या राजकीय विरोधाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

समुद्रात पवनचक्क्या उभारून वीज निर्माण करण्याच्या प्रकल्पांना गेल्या पंचवीस वर्षांत जगात अनेक ठिकाणी राजकीय विरोध झाला. महाराष्ट्राच्या सागरी हद्दीत असा एकही प्रकल्प आजवर उभा राहिलेला नाही. त्यामुळे या विषयाचा महाराष्ट्राशी आणि त्यातही समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या नागपूरशी काय संबंध, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु पवनऊर्जेला झालेला विरोध आणि किनाऱ्यावरील ऊर्जाप्रकल्पांना झालेला विरोध हे दोन्ही महाराष्ट्राने स्वतंत्रपणे अनुभवलेले आहेत. समुद्रातील पवनचक्कीच्या प्रश्नात हे दोन प्रवाह एकत्र येतात. प्रस्तुत निबंधात या दोन्ही प्रवाहांचा मागोवा घेतला आहे.

या मागोव्यातून एक बाब ठळकपणे समोर येते. ऊर्जाप्रकल्पाला होणाऱ्या विरोधाचे स्वरूप प्रकल्पाच्या तंत्रज्ञानावर फारसे अवलंबून नसते. विरोध करणाऱ्याच्या नावावर सातबाराचा उतारा आहे की नाही, यावर ते अधिक अवलंबून असते. ज्याच्याकडे उतारा आहे त्याचा विरोध भावाच्या वाटाघाटीत विरतो. ज्याच्याकडे तो नाही, मग तो वनजमीन कसणारा आदिवासी असो वा समुद्रात जाळे लावणारा कोळी, त्याच्या विरोधाला वाटाघाटीची वाटच उपलब्ध नसते. राजकीय पक्षांनी या दुसऱ्या प्रकारच्या विरोधाचा उपयोग वारंवार केला. त्याची दाद मात्र क्वचितच लावली.

परदेशातील दोन संदर्भ

समुद्रातील जगातील पहिला पवनऊर्जा प्रकल्प १९९१ मध्ये डेन्मार्कमधील विंडेबी येथे सुरू झाला. अवघ्या ११ पवनचक्क्यांचा हा प्रकल्प २०१७ मध्ये मोडीत काढण्यात आला, तोवर उत्तर समुद्रात अशा हजारो चक्क्या उभ्या होत्या. अमेरिकेतील अनुभव याच्या उलट आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातील नँटकेट साउंड या उथळ समुद्रात १३० पवनचक्क्यांचा 'केप विंड' प्रकल्प २००१ मध्ये प्रस्तावित झाला आणि सोळा वर्षांच्या वादानंतर २०१७ मध्ये सोडून देण्यात आला. त्याला विरोध करणाऱ्यांत डेमोक्रॅटिक पक्षाचे सिनेटर एडवर्ड केनेडी होते आणि रिपब्लिकन पक्षाचे तत्कालीन गव्हर्नर मिट रॉम्नीही होते. किनाऱ्यावरील बंगल्यांतून दिसणारे समुद्राचे दृश्य बिघडेल, हा त्या विरोधातील एक मोठा मुद्दा होता. त्याच समुद्राशी धार्मिक नाते सांगणाऱ्या वाम्पनोआग या आदिवासी जमातींचाही प्रकल्पाला विरोध होता, पण त्याची चर्चा बंगलेवाल्यांच्या विरोधाइतकी झाली नाही. २० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी पदग्रहणाच्या दिवशीच समुद्रातील पवनऊर्जेसाठी नवे भाडेपट्टे देणे थांबविणारा आदेश काढला. एका ऊर्जास्रोताला विरोध हा तेथे पक्षीय ओळखीचा भाग झाला आहे.

महाराष्ट्रात पवनऊर्जेला वैचारिक पातळीवर विरोध करणारा पक्ष कधीच नव्हता. तरीही विरोध झाला. तो कोठून आला, हे पाहण्यासाठी आपल्याला प्रथम सह्याद्रीच्या पठारावर जावे लागते.

देवगडपासून वनकुसवडेपर्यंत

भारतातील पहिल्या प्रात्यक्षिक पवनऊर्जा प्रकल्पांची उभारणी १९८६ च्या सुमारास गुजरातमधील ओखा, तामिळनाडूतील तुतीकोरीन आणि महाराष्ट्रातील देवगड अशा किनाऱ्यावरील ठिकाणी झाली. त्या काळच्या चक्क्या ५५ किलोवॉट क्षमतेच्या होत्या. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगडच्या या चक्क्यांना विरोध झाल्याची नोंद आढळत नाही. किंबहुना त्या पर्यटकांच्या कौतुकाचा विषय झाल्या. प्रकल्प लहान होता, सरकारी होता आणि त्यातून कोणाचा फायदा होतो आहे असा संशय येण्याचे कारण नव्हते.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात चित्र बदलले. पवनचक्कीवरील गुंतवणुकीला आयकरात पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा, पुढे तो ऐंशी टक्के, आणि राज्याकडून विक्रीकरात सवलत अशा तरतुदींमुळे करबचत करू पाहणारे उद्योगसमूह या क्षेत्रात आले. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील वनकुसवडे, साताऱ्याजवळील चाळकेवाडी, ठोसेघर या पठारांवर चक्क्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने नोव्हेंबर २००३ मधील आदेशाने पवनऊर्जेला पहिल्या वर्षी युनिटला ३ रुपये ५० पैसे आणि पुढे दरवर्षी १५ पैसे वाढ असा दर ठरवून दिल्यानंतर तर या व्यवसायाला स्थैर्यच लाभले. आज राज्याची स्थापित पवनऊर्जा क्षमता पाच हजार मेगावॉटच्या आसपास आहे. ती सर्व जमिनीवरची आहे.

ही पठारे म्हणजे शेतकऱ्याच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी जमीन. नाचणी, वरी आणि पावसाळ्यातील चराई यापलीकडे तिचा उपयोग नव्हता आणि तिचा भावही तसाच होता. मध्यस्थांनी ती स्वस्तात घेतली. चक्क्या फिरू लागल्या, करोडोंच्या गुंतवणुकीचे आकडे वृत्तपत्रांत येऊ लागले आणि आपण काय विकले हे विकणाऱ्यांच्या लक्षात आले. याच सुमारास २००२ व २००३ ही दोन वर्षे पश्चिम महाराष्ट्रात अवर्षणाची गेली. सातारा, सांगली या जिल्ह्यांत पवनचक्क्यांमुळे ढग पळतात आणि म्हणून पाऊस पडत नाही, असा समज पसरला. स्थानिक राजकारण्यांनीही तो उचलून धरला. पवनचक्क्या बंद पाडण्याची मागणी होऊ लागली.

शास्त्रीय दृष्ट्या या समजात तथ्य नव्हते. त्या काळच्या चक्कीची उंची पंचाहत्तर मीटरच्या आतबाहेर असे. पावसाळी ढग ज्या मोसमी प्रवाहाबरोबर येतात त्याचा विस्तार शेकडो किलोमीटरचा आणि उंची काही किलोमीटरची असते. हवामानशास्त्रज्ञांनी हे त्या वेळीच सांगितले होते. शहरी सुशिक्षितांनी हा समज अडाणीपणाचे उदाहरण म्हणून हसण्यावारी नेला. प्रस्तुत लेखकाला मात्र इतिहासाच्या दृष्टीने तो हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या १९९४ च्या अधिसूचनेत पवनऊर्जा नव्हती आणि २००६ च्या अधिसूचनेतही ती नाही. त्यामुळे १९९७ पासून मोठ्या प्रकल्पांना बंधनकारक झालेली जनसुनावणी पवनचक्कीच्या वाट्याला आलीच नाही. ज्या गावकऱ्याला जमिनीचा भाव, पठारावर जाणारा रस्ता, चराई किंवा गावाला मिळणारा कर याविषयी कोणी अधिकृतपणे काही विचारले नाही, त्याने आपली तक्रार ढगांच्या भाषेत मांडली. पाऊस पुन्हा पडू लागल्यावर ती भाषा विरळ झाली. तक्रार राहिली आणि पुढे ती वाढीव मोबदला, ग्रामपंचायतीचा कर व नोकऱ्या अशा मागण्यांच्या रूपाने पुढे आली. यांपैकी बहुतेकांवर तडजोडी झाल्या. उतारा असलेल्या माणसाच्या विरोधाचा हा नेहमीचा प्रवास आहे.

उतारा नसलेल्यांचा विरोध

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात परिस्थिती वेगळी होती. ब्राह्मणवेल परिसरात मोठा पवनऊर्जा प्रकल्प उभा राहत असताना त्यासाठी वनजमीनही देण्यात आली. ही जमीन कागदोपत्री वनखात्याची असली तरी तिच्यावर आदिवासी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शेती करीत होती. वनखात्याच्या भाषेत ते अतिक्रमणदार होते. त्यामुळे जमीन देताना त्यांची संमती घेण्याचा प्रश्नच प्रशासनापुढे उद्भवला नाही. सत्यशोधक ग्रामीण कष्टकरी सभेने या प्रश्नावर लढा उभारला. त्या लढ्यात ढगांचा उल्लेख नव्हता. पट्टे द्या, कसणाऱ्याचा हक्क मान्य करा, ही मागणी होती. २००६ च्या वनहक्क कायद्याने ती तत्त्वतः मान्य केली, पण तोवर अनेक टेकड्यांवर चक्क्या उभ्या होत्या.

पुणे जिल्ह्यात भीमाशंकर अभयारण्याच्या लगत, खेड व मावळ तालुक्यांत आंध्रा लेक पवनऊर्जा प्रकल्पासाठी सुमारे १९४ हेक्टर वनजमीन वळती करण्यात आली. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ समितीने २०११ च्या आपल्या अहवालात या प्रकल्पाची विशेष दखल घेतली. डोंगरउतारावर बेफिकिरीने काढलेल्या रस्त्यांमुळे झालेली धूप आणि वृक्षतोड यांबरोबरच समितीने आणखी एक गोष्ट नोंदविली. कंपनीने वाटेवर तपासणी नाकी उभारून आणि प्रवेशबंदीचे फलक लावून पिढ्यान्‌पिढ्या त्या डोंगरांवर वावरणाऱ्या स्थानिकांना तेथे जाण्यास प्रतिबंध केला होता. त्यांचे वनहक्क अद्याप मान्य व्हायचे होते. म्हणजे ज्याच्याकडे कायद्याने हक्क येणे बाकी होते त्याला, ज्याच्याकडे केवळ भाडेपट्टा होता त्याने, अडविले.

या दोन्ही प्रसंगांत विधिमंडळातील प्रमुख पक्षांचा आवाज क्षीण होता. मतदारांची संख्या कमी आणि प्रश्न कागदपत्रांचा. असा प्रश्न सभेत गाजत नाही.

गाजलेला विरोध : दाभोळ

किनाऱ्यावरील ऊर्जाप्रकल्पाला झालेला महाराष्ट्रातील सर्वांत गाजलेला राजकीय विरोध म्हणजे दाभोळ वीज प्रकल्पाचा, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेल्या 'एन्रॉन'चा. त्याची हकीकत काहीशी विस्ताराने पाहणे आवश्यक आहे, कारण किनाऱ्यावरील पुढील प्रत्येक वादात पक्षांनी याच संहितेचे प्रयोग केले.

अमेरिकेतील एन्रॉन कंपनीबरोबर २० जून १९९२ रोजी प्राथमिक करार झाला. डिसेंबर १९९३ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने दाभोळ वीज कंपनीशी २०१५ मेगावॉटच्या प्रकल्पातून वीज खरेदीचा करार केला. त्या वेळी शरद पवार मुख्यमंत्री होते. स्पर्धात्मक निविदा न मागविता केलेला करार, डॉलरशी जोडलेला दर, मंडळाने वीज उचलली नाही तरी द्यावी लागणारी रक्कम आणि त्यावर राज्य व केंद्र सरकारांची हमी, ही आक्षेपांची मुख्य कलमे होती. मृणाल गोरे, प्रा. सामंत, कामगार संघटना आणि ऊर्जाविषयाचे अभ्यासक यांनी ती सातत्याने मांडली. गुहागर तालुक्यात वाशिष्ठीच्या मुखाशी असलेल्या गावांत शेतकरी व मच्छीमार यांचे आंदोलन चालू होते.

१९९५ च्या विधानसभा निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीने एन्रॉन अरबी समुद्रात बुडविण्याची भाषा केली. सत्ता मिळाली. उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल आला आणि ३ ऑगस्ट १९९५ रोजी मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी प्रकल्प रद्द झाल्याचे जाहीर केले. नोव्हेंबरमध्ये कंपनीच्या अधिकारी रिबेका मार्क यांनी बाळासाहेब ठाकरे यांची भेट घेतली, फेरवाटाघाटी झाल्या आणि १९९६ च्या प्रारंभी त्याच युती सरकारने प्रकल्पाला मान्यता दिली. फेरवाटाघाटींनंतर प्रकल्पाची क्षमता २०१५ वरून २१८४ मेगावॉट झाली. बुडविण्यासाठी निघालेल्यांनी तो वाढवून किनाऱ्यावर आणला, असेच म्हणावे लागेल. मे १९९६ मध्ये केंद्रातील अवघ्या तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारने प्रतिहमीला मंजुरी दिली.

पक्षांचा विरोध येथे संपला. गावांचा संपला नाही. दाभोळ खाडीकाठचे वेलदूर हे मच्छीमारांचे गाव. प्रकल्पातून खाडीत येणारे गरम पाणी, बंदराची भिंत आणि वायुवाहू जहाजांची ये-जा यांमुळे मासेमारी संपेल अशी तेथील लोकांना भीती होती. ३ जून १९९७ रोजी पहाटे पोलिसांनी वेलदूरमधील घरांत शिरून लोकांना मारहाण केली व अटक केली. पुरुष समुद्रावर गेलेले असल्याने अटक झालेल्यांत बहुसंख्य महिला होत्या. 'ह्यूमन राइट्स वॉच' या संस्थेने जानेवारी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात या प्रसंगाची सविस्तर नोंद आहे.

पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. पुढच्याच वर्षी मंडळाला काही महिन्यांत युनिटमागे सात रुपयांहून अधिक दर पडू लागला. माधव गोडबोले समितीने एप्रिल २००१ मध्ये कराराची चिरफाड केली, मेअखेर केंद्र बंद पडले आणि डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेत एन्रॉन कंपनीच दिवाळखोरीत निघाली. करार करणारे, रद्द करणारे, पुन्हा करणारे आणि अखेर वीज घेणे थांबविणारे, अशा प्रत्येक टप्प्यावर वेगळ्या भूमिकेत राज्यातील सर्व प्रमुख पक्ष आलटून पालटून दिसतात.

विदर्भाला या प्रकरणाचा चटका वेगळ्या प्रकारे बसला. कोराडी, खापरखेडा आणि चंद्रपूर येथील औष्णिक केंद्रांची राख आणि धूर विदर्भाचा, स्वस्त वीज राज्याची, आणि दाभोळच्या महाग विजेचा बोजा मात्र सर्वांवर सारखा, अशी येथील भावना होती. ती अवास्तव नव्हती. वेलदूरच्या मच्छीमाराचा प्रश्न आणि कोराडीच्या राखेचा प्रश्न एकच आहे, असे मात्र तेव्हा नागपुरात फारसे कोणी म्हटले नाही. अंतर हे त्याचे एक कारण असावे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर राज्यभरातून मोर्चे येतात. कोकणातील मच्छीमाराला मात्र त्यासाठी ऐन हंगामात होडी किनाऱ्याला लावून सारे राज्य ओलांडावे लागते.

जैतापूर : दोन विरोधांची फारकत

दाभोळला शेतकरी आणि मच्छीमार एकत्र होते. जैतापूरला ते प्रथम एकत्र आले आणि नंतर वेगळे झाले. ही फारकत आपल्या मुद्द्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. राजापूर तालुक्यातील माडबन परिसरात प्रत्येकी १६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९९०० मेगावॉट, असा हा प्रस्ताव. जमीन माडबन व लगतच्या गावांची गेली. समुद्राला लागून असलेले साखरी-नाटे हे मच्छीमारांचे मोठे गाव, परंतु त्याची जमीन संपादनात नव्हती. त्यामुळे सरकारी व्याख्येनुसार ते प्रकल्पग्रस्तच नव्हते. १८ एप्रिल २०११ रोजी पोलिसांच्या गोळीबारात ज्या तरुणाचा मृत्यू झाला तो साखरी-नाटे येथील होता.

फेब्रुवारी २०१३ मध्ये राज्य सरकारने जमिनीचा मोबदला हेक्टरी साडेबावीस लाख रुपयांपर्यंत वाढविला. ज्यांनी आधी धनादेश नाकारले होते त्यांपैकी अनेक खातेदारांनी तो स्वीकारला. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. लढून भाव वाढवून घेणे हा शेतकऱ्याचा जुना आणि न्याय्य मार्ग आहे. पण साखरी-नाटेच्या मच्छीमाराला स्वीकारायला किंवा नाकारायला धनादेशच नव्हता. त्याच्या हरकतीचे मोल ठरविण्याचे कोष्टक महसूल खात्याकडे उपलब्ध नव्हते. शिवसेनेने जैतापूरला कडाडून विरोध केला. तसाच विरोध तिने पुढे नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पालाही केला व २०१९ मध्ये तेथील भूसंपादन रद्द झाले. मात्र जानेवारी २०२२ मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनीच पंतप्रधानांना पत्र लिहून त्या प्रकल्पासाठी बारसूची जागा सुचविली. दाभोळची संहिता पंचवीस वर्षांनंतरही जुनी झाली नव्हती.

कव आणि वाढवण

समुद्राला सातबारा नाही याचा अर्थ समुद्रात हक्क नाहीत, असा नव्हे. वसई, उत्तन, अर्नाळा, सातपाटी, डहाणू या पट्ट्यात बोंबील आणि जवळा यांसाठी डोल पद्धतीची मासेमारी चालते. भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड करून पिशवीसारखे जाळे लावायचे आणि ते तळाशी रोवलेल्या खुंटांना बांधायचे, ही ती पद्धत. खुंट रोवून धरलेल्या या जागेला कव म्हणतात. कव कोणाची हे गावाला ठाऊक असते आणि ती पिढीजात चालते. वसई-उत्तनकडील आणि सातपाटी-डहाणूकडील मच्छीमारांमध्ये कव मारण्याच्या हद्दीवरून दशकानुदशके वाद चालू आहेत. ज्या गोष्टीवरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणे होतात तिच्यात मालकीची कल्पना नसते, असे कोण म्हणेल? पण ही मालकी कोणत्याही सरकारी दप्तरात लिहिलेली नाही. १९७४ मध्ये बॉम्बे हाय येथे तेल सापडले, समुद्रात तेलविहिरींचे मंच उभे राहिले आणि प्रत्येक मंचाभोवती पाचशे मीटरचा सुरक्षित पट्टा मच्छीमारांसाठी बंद झाला. तेव्हा हा हक्क विचारात घेण्याची गरज कोणाला वाटली नाही आणि राष्ट्रीय अभिमानाच्या त्या वातावरणात राजकीय विरोधही झाला नाही.

या पार्श्वभूमीवर डहाणूजवळच्या वाढवण बंदराचा इतिहास लक्षणीय आहे. हा ऊर्जाप्रकल्प नाही, परंतु समुद्राच्या हक्काचा प्रश्न येथेच सर्वांत स्पष्टपणे अधिकृत व्यासपीठावर आला. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून घोषित झाला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. त्याचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. नागपुरात वकिली केलेले, गांधीविचारात वाढलेले हे न्यायमूर्ती येथील वाचकांना अपरिचित नाहीत. या प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवणला बंदर उभारता येणार नाही असा निर्णय दिला. स्थानिकांना बोलावून, त्यांचे ऐकून घेऊन निर्णय देणारे असे व्यासपीठ महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर दुसरे झाले नाही.

न्यायमूर्ती धर्माधिकारी ३ जानेवारी २०१९ रोजी निवर्तले. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने बंदराला तत्त्वतः मान्यता दिली, ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने ना-हरकत दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. त्यासाठी समुद्रात भराव घालून १४०० हेक्टरांहून अधिक जमीन तयार व्हायची आहे. म्हणजे कव बुजेल तेथे प्रथमच महसुली नकाशावर जमीन दिसू लागेल. तिचा सातबारा मच्छीमाराच्या नावाचा नसेल.

पवनचक्की समुद्रात येताना

केंद्र सरकारचे समुद्रातील पवनऊर्जेचे राष्ट्रीय धोरण ऑक्टोबर २०१५ मध्ये आले. चेन्नई येथील राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेला त्यात मध्यवर्ती स्थान आहे. २०१७ मध्ये गुजरातमधील पिपावावसमोर खंभातच्या आखातात वारा मोजण्याचे उपकरण उभारण्यात आले. २०१८ मध्ये २०३० पर्यंत ३० गिगावॉटचे लक्ष्य जाहीर झाले. त्यातील काहीही अद्याप उभे नाही. डिसेंबर २०२३ मध्ये १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याखाली भाडेपट्ट्याचे नियम अधिसूचित झाले आणि जून २०२४ मध्ये गुजरात व तामिळनाडूत प्रत्येकी ५०० मेगावॉटसाठी ७४५३ कोटी रुपयांच्या अर्थसाहाय्याची योजना मंजूर झाली. तामिळनाडूतील मच्छीमार संघटनांनी विरोध व्यक्त केला आहे. पिपावावच्या शेजारचे जाफराबाद हे डोल जाळ्यांच्या बोंबील मासेमारीसाठी प्रसिद्ध आहे. तेथील मासेमारी पालघरच्या मासेमारीची सख्खी बहीण आहे. डोल जाळे प्रवाहावर जगते. चक्कीचे खांब, त्यांना जोडणाऱ्या केबली आणि सुरक्षित पट्टे यांच्यामध्ये ते कोठे बसणार, हा प्रश्न आज गुजरातचा असला तरी किनारपट्टी एकच आहे.

भारतीय संविधानानुसार प्रादेशिक जलक्षेत्रातील मासेमारी राज्याच्या अखत्यारीत आणि त्यापलीकडची केंद्राच्या अखत्यारीत येते. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे. तो कोणती नौका कोठे व केव्हा मासेमारी करील याचे नियमन करतो. कव कोणाची, हे तो सांगत नाही. पवनचक्कीसाठी भाडेपट्टा देताना ज्याची संमती वा हरकत घ्यायची तो हक्कदार कोण, हे ठरविण्याचे दप्तरच उपलब्ध नाही.

नागपूरच्या इतिहासाच्या अभ्यासकाला येथे एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा होऊन १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला आणि त्यानंतरच्या जमाबंदीत मालगुजारांना मालकी देण्यात आली. मालकी देऊन झाल्यावर गावातील इतरांचे काय, हा प्रश्न ब्रिटिश अधिकाऱ्यांपुढे उभा राहिला. सरपण, चराई, तलावाचे पाणी, गुरांची वाट यांवरील रयतेचे वहिवाटीचे हक्क वाजिब-उल-अर्ज या गावदप्तरात लिहिले गेले. यांनाच आपल्याकडे निस्तार म्हणतात. मालक नसलेल्याचा हक्क सरकारी कागदावर नोंदविण्याची ही परंपरा होती. ती न्यायाने राबविली गेली असे नाही. मालगुजारांनी आणि वनखात्याने ती वारंवार मोडली. १९५१ मध्ये मालगुजारी संपल्यावर भंडाऱ्याच्या तलावांवरील निस्ताराचे वाद न्यायालयांत गेले. पण वाद न्यायालयात जाऊ शकला, कारण लिहिलेले काहीतरी होते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत १९६६ मध्ये निस्तारपत्रकाची तरतूद आली ती विदर्भाच्या याच वारशातून. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळविला, तेव्हाही त्या मागणीच्या पाठीशी निस्ताराची आठवण होती.

रत्नागिरी, ठाणे, कुलाबा या जुन्या मुंबई इलाख्यातील जिल्ह्यांची जमाबंदी रयतवारी पद्धतीने झाली. तीत शेत मोजले गेले, शेताचा धनी लिहिला गेला, आणि मोजणीची साखळी भरतीच्या रेषेपाशी थांबली. त्या रेषेपलीकडे डोल जाळी होती आणि त्यांना गावाने मानलेले धनीही होते. मोजणी कामगारांनी ती पाहिली असतीलच. त्यांच्या तक्त्यात मात्र त्यासाठी रकाना नव्हता, आणि २०२३ च्या भाडेपट्टा नियमांच्या वेळीही तो रकाना कोऱ्या कागदावर आखण्यापासूनच सुरुवात करावी लागणार होती.